कढीपत्त्याची पानं का पिवळी पडतात? : एका नवशिक्याचं डीबगिंग



यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुझ्याकडे कढीपत्ता चांगला आहे म्हणे, आमच्या झाडाची पानं पिवळी पडताहेत, काय घालू?" एकाने तर तिळगूळ हातात देता देताच फोनवरचा फोटो पुढे केला. गंमत म्हणजे तिघांनीही काही ना काही घालून झालं होतं. एकाने ताक, दुसऱ्याने एप्सम सॉल्ट आणि तिसऱ्याने दुकानातलं निळं खत, तेही पाकिटावर लिहिलंय त्याच्या दुप्पट. रोग कोणता हे मात्र एकालाही ठाऊक नव्हतं.

मी काही वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर. पण दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायची सवय असल्यामुळे एक गोष्ट अंगात भिनली आहे. चूक कुठे आहे हे कळण्याआधी कोडला हात लावायचा नाही. झाडालाही हाच नियम लागू पडतो, पण तो शिकण्यासाठी मला एका झाडाचा बळी द्यावा लागला.

पहिलं झाड

शिकागोच्या उपनगरात घर घेतलं त्याच वर्षी आम्ही हौसेने कढीपत्त्याचं रोप आणलं. उन्हाळाभर डेकवर ते छान वाढलं. ऑक्टोबरमध्ये आत घेतलं आणि डिसेंबरात पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं, हीटरच्या कोरड्या हवेमुळे त्याला तहान लागली असणार, म्हणून रोज पाणी घातलं. तरी पिवळं, म्हणून खत घातलं. मग इंटरनेटवर वाचून एप्सम सॉल्ट. आईने पुण्याहून सांगितलं म्हणून आंबट ताक. ताकाने घरभर वास सुटला आणि कुंडीवर चिलटं घोंगावू लागली. फेब्रुवारीत झाड उपटून पाहिलं तर मुळं तपकिरी, मऊ आणि कुजकी. ते बिचारं तहानेने नाही, तर पाण्यात बुडून मेलं होतं. वर मी त्याला तीन औषधं पाजली होती.

दुसरं झाड मी विकत घेतलं नाही. आपल्याच मंडळातल्या एक काकू घर विकून मुलाकडे कॅलिफोर्नियाला जायला निघाल्या. त्यांच्याकडे बोटाएवढ्या रोपापासून वाढवलेला, माझ्या खांद्याला लागणारा कढीपत्ता होता. सतरा हिवाळे पाहिलेला. कॅलिफोर्नियात तो नेता येत नाही (का ते शेवटी सांगतो). काकूंनी कुंडी आमच्या गाडीत ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "सांभाळ रे, मुलं लहान होती तेव्हापासूनचा आहे." आता पहिल्यासारखे प्रयोग करून चालणार नव्हतं. तेव्हा जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो.

आधी पाहा : कोणतं पान?

कढीपत्त्याचं ज्याला आपण फोडणीत "पान" म्हणतो, ती खरं तर पानाची एक पाकळी. अख्खी काडी म्हणजे एक पान, आणि त्यावर साधारण दहा ते वीस छोटी पानं असतात. म्हणून एखाद-दुसरं छोटं पान पिवळं दिसलं तर घाबरू नका. अख्ख्या काड्या पिवळ्या पडत असतील तर लक्ष द्या.

मग पहिला प्रश्न असा : बिघाड खालच्या जुन्या काड्यांवर आहे की शेंड्याच्या नव्या पालवीवर? निम्मं निदान या एका प्रश्नात होतं. कारण सोपं आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाला एका पानातून काढून दुसऱ्या पानाला देता येतात. तुटवडा पडला की आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसारखंच होतं. जुनी पानं स्वतःच्या ताटातलं काढून लेकरांना देतात. म्हणून या चारांची कमतरता आधी जुन्या पानांवर दिसते. लोह, चुना म्हणजे कॅल्शियम, जस्त आणि मँगनीज यांचं तसं नाही. एकदा पानात गेली की बहुतेक तिथेच अडकतात. ती कमी पडली तर उपासमार नव्या पालवीची होते.

जुनी पानं पिवळी

*अख्खं पान शिरांसकट एकसारखं फिकट पिवळं :* नत्र कमी. एकाच कुंडीत दोन-तीन वर्षं राहिलेल्या झाडाला उन्हाळ्यात हे होतं. उपाय म्हणजे खत, पण झाड वाढत असेल तेव्हाच, म्हणजे आपल्याकडे साधारण एप्रिल ते सप्टेंबर.

*शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही जुन्या पानांवर :* मॅग्नेशियम कमी असण्याची शक्यता. एप्सम सॉल्टचा उपयोग इथे होतो. गॅलनभर पाण्यात एक चमचा, महिन्यातून एकदा. इतर कुठल्याही पिवळेपणावर ते रामबाण नाही. उलट गरज नसताना घातलं तर मातीत आणखी क्षार साचतात.

*तळाच्या एक-दोन काड्या पिवळ्या, वरचं सगळं टवटवीत :* वय झालं. काही करू नका.

नवी पालवी पिवळी

शेंड्याची पालवी पिवळी किंवा पांढुरकी आणि तिच्यावर हिरव्या शिरांची जाळी, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र. पण गंमत अशी की बहुतेक वेळा मातीत लोह असतंच, ते झाडाला घेता येत नाही. माती अल्कधर्मी झाली, म्हणजे तिचा सामू ७ च्या वर गेला, की लोह विरघळत नाही. कढीपत्त्याला किंचित आम्ल माती आवडते, साधारण ६ ते ६.५ सामूची. आपल्या भागातलं नळाचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. वर्षानुवर्षं ते कुंडीत ओतलं की सामू हळूहळू चढतो.

आता लक्षात येईल की भारतात कढीपत्त्याला ताक का घालतात. त्यातली आंबटाई मातीची अल्कता थोडी कमी करते. अंगणातल्या मोकळ्या मातीत ते खपून जातं. बंद घरातल्या कुंडीत दुधाचे घटक सडतात, वास येतो आणि चिलटं येतात. इथे त्यापेक्षा आम्ल मातीच्या झाडांसाठी मिळणारं खत वापरा, किंवा चिलेट स्वरूपातलं लोह, जे सामू थोडा जास्त असला तरी विरघळलेलं राहतं. आणि त्याआधी माती किती ओली आहे ते पाहा. सतत ओल्या मातीत गुदमरलेल्या मुळांनाही लोह घेता येत नाही, आणि चित्र अगदी असंच दिसतं.

सगळंच झाड मलूल

वर-खाली असा फरक नसेल, सगळंच झाड उदास दिसत असेल, तर पानं सोडा आणि मुळांकडे या. नवशिक्यांची बहुतेक झाडं इथेच जातात, माझंही इथेच गेलं.

फसवणूक अशी आहे की कमी पाणी आणि जास्त पाणी या दोन्हींत पानं माना टाकतात. मुळं कुजली की पाणी असूनही ते वर चढत नाही. आपण कोमेजलेलं झाड पाहतो, आणखी पाणी घालतो, आणि उरलीसुरली मुळंही जातात. म्हणून पानं पाहून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत खुपसा. खाली ओल लागली तर झारी ठेवून द्या. दुसरी युक्ती म्हणजे कुंडी थोडी उचलून पाहा. पाणी घातल्यावर ती किती जड लागते आणि कोरडी झाल्यावर किती हलकी, हे आठवड्या-दोन आठवड्यांत हाताला कळतं. कुंडीला खाली भोक हवंच, आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं.

हिवाळ्याचं गणित वेगळं आहे. पुण्यात सगळ्यात लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा असतो. शिकागोत तो सव्वानऊ तासांच्याही आत येतो, वर ढग आणि काच. या उजेडात कढीपत्ता जवळजवळ झोपतो. बरीच पानं गाळतो, कधी नुसत्या काठ्या उरतात. हा आजार नाही, विश्रांती आहे. झोपलेल्या माणसाला जेवायला वाढत नाहीत. नोव्हेंबर ते मार्च खत बंद, आणि पाणी माती बऱ्यापैकी कोरडी झाल्यावरच. झाड जिवंत आहे की नाही याची शंका आली तर खोडाची साल नखाने किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

डाग आणि करपलेल्या कडा

*टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी खपली :* क्षार साचले. जास्त खत किंवा खारट पाणी.

*बाहेर ठेवल्यावर दोन-तीन दिवसांत उन्हाकडच्या बाजूला पांढरट, कागदासारखे चट्टे :* ऊन भाजलं. मे महिन्यात झाड एकदम डेकवर कडक उन्हात नेऊ नका. आठवडा-दहा दिवस आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात, असं सवयीने न्या.

*काचेला टेकलेली पानंच काळी :* थंडी. खिडकीपासून वीतभर दूर सरकवा. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की झाड आत घ्या, पहिल्या बर्फाची वाट पाहू नका.

कीड : भिंग काढा

पानांवर ठिपके असतील तर पान उलटं करा. कीड बहुधा खालच्या बाजूला असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग स्वस्तात मिळतं, नाहीतर फोनचा कॅमेरा आहेच.

*पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य बारीक फिकट ठिपके :* लाल कोळी. पांढरा कागद खाली धरून काडी झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर निदान पक्कं. हीटरची गरम कोरडी हवा यांना फार मानवते. उशीर झाला तर बारीक जाळीही दिसते.

*पानं चिकट, खालची फरशीही चिकट, वर काळी बुरशी :* हा चिकटा रस शोषणाऱ्या किडींचा. देठाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण, खोडावर नखाने निघणारे तपकिरी फोड म्हणजे खवले कीड, कोवळ्या शेंड्यावर हिरवी-काळी गर्दी म्हणजे मावा.

*मातीवरून उडणारी बारीक काळी चिलटं :* ही पानं खात नाहीत. पण माती सतत ओली असल्याची ती पावती आहे.

उपाय सौम्यच ठेवा. झाड बाथटबमध्ये ठेवून शॉवरने पानं खालून-वरून धुवा, मग झाडांसाठीचा कीटकनाशक साबण किंवा कडुनिंबाचं तेल पाकिटावरच्या प्रमाणात. आठवड्याने पुन्हा, असं तीनदा तरी, कारण अंड्यांतून नवी पिल्लं येत राहतात. भांडी घासायचा साबण वापरू नका, त्याने पानं भाजतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं : हे झाड आपल्या पोटात जातं. मुळांतून शोषली जाऊन पानात उतरणारी कीटकनाशकं शोभेच्या झाडांसाठी असतात, कढीपत्त्याला ती कधीही घालू नका. ती धुऊन जात नाहीत.

एका वेळी एकच बदल

निदान झालं की एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन आठवडे थांबा. चार गोष्टी एकदम केल्या तर सुधारलं तरी कशाने ते कळत नाही, आणि बिघडलं तरी नाही. मी एका वहीत तारीख, पाणी, खत आणि एक ओळ निरीक्षण लिहितो. फोटो काढताना दिवसाचा उजेड वापरा. पिवळ्या बल्बखाली सगळीच पानं आजारी दिसतात.

आणखी एक. करपलेला तपकिरी भाग पुन्हा हिरवा होत नाही, कितीही औषध दिलं तरी. म्हणून खराब झालेल्या पानाकडे पाहून "गुण नाही" म्हणू नका. नवी येणारी पालवी कशी आहे, तेवढंच पाहा.

काकूंच्या झाडाचं काय झालं?

आमच्याकडे आल्यावर दीड महिन्यातच त्याच्या काड्यांच्या कडा करपायला लागल्या. माझा हात खताच्या डब्याकडे गेलाच होता. मग थांबून स्वतःला ऑफिसातला प्रश्न विचारला : शेवटचं सगळं ठीक चालत होतं, त्यानंतर काय बदललं? माती तीच, कुंडी तीच, खिडकी दक्षिणेचीच, कीड नाही, माती चिखल नाही. बदललं होतं ते पाणी. काकूंच्या गावाला मिशिगन तळ्याचं पाणी येतं. आमच्याकडे जमिनीखालचं, त्यामुळे तळघरात वॉटर सॉफ्टनर आहे. तो पाण्यातला चुना आणि मॅग्नेशियम काढून त्या जागी मिठातलं सोडियम सोडतो. कपड्यांना उत्तम, झाडाला मात्र रोज थोडं थोडं मिठाचं पाणी.

उपाय एकच केला. सिंकखालच्या आरओ फिल्टरचं पाणी. आधी कुंडी बाथटबमध्ये ठेवून तिच्या मापाच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढले, मग रोजच्यासाठीही तेच पाणी. ताक नाही, खत नाही, एप्सम सॉल्ट नाही. काकूंना फोनवर घाबरत सगळं सांगितलं. त्यांनी करपलेल्या पानांबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "नवीन पालवी आली का?" मी जे वहीत लिहून शिकलो ते त्यांना सतरा वर्षांपासून माहीत होतं.

मार्चच्या शेवटी पालवी आली. स्वच्छ, कडा शाबूत.

आणि हो, झाड भारतातून आणू नका

आता कॅलिफोर्नियाचं कारण. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्या कुळातला. सिट्रस सायला नावाची तीन-चार मिलिमीटरची कीड याच्या कोवळ्या पालवीवर अंडी घालते. नागपूरकडच्या संत्रा बागायतदारांना हे नाव चांगलं माहीत आहे. ही कीड संत्र्यामध्ये ग्रीनिंग नावाचा रोग पसरवते, ज्यावर आजही खात्रीचा इलाज नाही. फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये आणि रोग २००५ मध्ये सापडला. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्यांची २४ कोटींवर खोकी निघाली होती. २०२२-२३ मध्ये ती १.६ कोटींच्या आसपास आली. त्यात चक्रीवादळांचाही वाटा आहे, पण मुख्य घाव या रोगाचा. कॅलिफोर्नियात कीड २००८ मध्ये आणि रोग २०१२ मध्ये पोहोचला.

म्हणून भारतातून सामानात ताजा कढीपत्ता किंवा रोप आणायला मनाई आहे, आणि काही राज्यांत बाहेरून रोप नेण्यावरही निर्बंध आहेत. "दोन काड्यांनी काय होतंय" असं आपल्याला वाटतं, पण त्या काडीवरची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात कुणाचा तरी बाग, कुणाचं तरी पोट आहे. रोप इथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्या, आणि दुसऱ्या राज्यात न्यायचं असेल तर तिथल्या कृषी खात्याचा नियम आधी पाहा.

काकूंच्या झाडाच्या बुंध्याशी यंदा दोन पिलं फुटली आहेत. ती वेगळी करून लावली आहेत. जगली तर पुढच्या गणपतीत मंडळातच दोन घरी जातील. ज्यांना हवी असतील त्यांनी जरूर सांगा. अट एकच : पान पिवळं पडलं तर काही घालण्याआधी बोट मातीत घालून पाहायचं.

कळावे, लोभ असावा.